कडक भाकरीची समीक्षा

सोलापूरच्या कडक भाकरीचं कौतुक कमी झालं आहे, असं कुणी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्यांच्या पिशवीत ती असते, परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात असते, आणि सोलापूरला पाहुणा आला की शेंगा चटणीच्या पुडीबरोबर तिचा गठ्ठा त्याच्या हाती पडतो. पण कौतुक वेगळं आणि समीक्षा वेगळी. ‘छान आहे’ म्हणणं हे कौतुक. या घरची भाकरी त्या घरच्या भाकरीपेक्षा सरस का, हे कारणांसह सांगणं ही समीक्षा, आणि ती अजून झालेली नाही. गाणं, नाटक, कादंबरी यांची चिकित्सा करण्याची सवय मराठीला दीडशे वर्षांची आहे. भाकरी मात्र आपण आठवणींच्या लेखांत घालतो. तिथे आजी असते, चूल असते, गहिवर असतो, आणि भाकरीविषयी फार थोडं असतं. माझं म्हणणं असं की ही भाकरी पहिल्या दर्जाची पाककृती आहे, तिला चिकित्सक दाद मिळायला हवी, आणि त्या चिकित्सेची भाषा सोलापूरच्या स्वयंपाकघरांत केव्हाची तयार आहे.

खाद्यसमीक्षेतून नाव कसं होतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण फ्लॉइड कार्डोझ यांचं. मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या मुळांचे हे शेफ. 1998 मध्ये न्यूयॉर्कला ‘तबला’ सुरू झालं, त्याचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं, आणि पुढच्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षेत त्याला तीन तारे मिळाले. त्या उपाहारगृहाच्या खालच्या मजल्यावर ‘ब्रेड बार’ होता. वरच्या मजल्यापेक्षा स्वस्त आणि साधा, आपल्या रोट्या-नानांना मानाची जागा देणारा. पुढे त्यांच्याच सहभागातून 2015 मध्ये मुंबईत, कमला मिलच्या आवारात ‘द बॉम्बे कॅन्टीन’ आलं, 2017 मध्ये गोव्या-पोर्तुगालच्या चवींचं ‘ओ पेद्रो’, 2020 मध्ये ‘बॉम्बे स्वीट शॉप’. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोविडने कार्डोझ गेले. तरी या उपाहारगृहांचं कुटुंब वाढत राहिलं आणि 2023 मध्ये वांद्र्याच्या एका जुन्या बेकरीच्या जागेत ‘व्हेरोनिकाज’ उघडलं. या सगळ्यांवर जाणकारांनी भरभरून लिहिलं आणि ते लिहिणं रास्त होतं. पण समीक्षकाला लिहिता यावं म्हणून तीन गोष्टी आधीच हजर होत्या: शेफचं नाव, दाराचा पत्ता आणि छापलेलं मेन्यूकार्ड. कडक भाकरीकडे यांतलं काहीच नाही. तिच्या वाट्याला समीक्षा आली नाही ती गुण कमी पडले म्हणून आली नाही, असं म्हणायला आधार नाही. लिहिणाऱ्याला आत शिरायला दारच सापडलं नाही.

मग परक्या मोजपट्टीनेच मोजून पाहू. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीचं मार्गदर्शक पुस्तक 1900 पासून निघतं आणि 1926 पासून उपाहारगृहांना तारे देतं. त्याचे परीक्षक पाच गोष्टी पाहतात: जिन्नसाचा दर्जा, तंत्रावरची हुकमत, चवींचा मेळ, करणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व आणि सातत्य. जिन्नसापासून सुरुवात केली तर सोलापूरची बाजू भक्कम आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानात मालदांडी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात, आणि पुढे ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर, हिवाळ्याच्या दवावर वाढते. दाणा भरताना अंगावर पाऊस पडत नाही, म्हणून खरिपाच्या ज्वारीसारखा तो काळा पडत नाही. मोत्यासारखा पांढरा, टपोरा राहतो. याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थानिक मालदांडीतून ‘एम 35-1’ हा वाण निवडला गेला, आणि इतके नवे वाण येऊनही भाकरीसाठी शेतकरी आजही त्याच्याकडे वळतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं हेच गाव. इथल्या लोकांना ज्वारीची थोरवी मानांकनाने सांगावी लागली नाही.

तंत्राची गोष्ट याहून मोठी आहे. गव्हात ग्लूटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते, लाटली जाते, चुकली तरी सावरून घेते. ज्वारीत ते नाही. तिचं पीठ बांधून धरायचं ते गरम पाण्याने, त्यातला स्टार्च फुलवून, आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून. याला लागणाऱ्या गुणाला मराठीत एकच शब्द आहे: विरी. पिठाला विरी असली तर भाकरी हातावर वाढत जाते; दळण जुनं झालं की विरी जाते, कडा फाटतात आणि चवीला कडवट झाक येते. काठवटीत थापताना हात मध्यापासून कडेकडे सरकतो, बोटांच्या नुसत्या दाबाने भाकरी गोल फिरत राहते. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावरून पाण्याचा हात फिरतो. हे पाणी उशिरा लागलं तर भेगा पडतात, जास्त झालं तर भाकरी कच्चट राहते. रोजची भाकरी इथून आरावर जाऊन टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. कडक भाकरीची वाट इथे वेगळी होते. ती मुळातच कागदासारखी पातळ थापलेली असते. मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातलं पाणी काढून घ्यायचं, आणि मग चुलीच्या कडेला उभी करून उरलासुरला ओलावाही घालवायचा. आच वाढली की ती करपते आणि आतून मात्र दमट राहते, चार दिवसांत वास धरते. कमी पडली तर ती चामट होते, तुटत नाही, वाकते. विरी, पापुद्रा, कच्चट, करपट, चामट: ही समीक्षेचीच परिभाषा आहे. सोलापुरात ती मराठीत बोलली जाते तशी कन्नडातही, आणि सासूने सुनेच्या भाकरीवर केलेला शेरा पुष्कळदा छापील परीक्षणापेक्षा नेमका असतो.

चवींच्या मेळासाठी शेजारी शेंगा चटणी पुरे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ, तेल सुटेपर्यंत कुटलेलं. करणारीच्या व्यक्तिमत्त्वाला आपण ‘हाताला चव आहे’ म्हणतो. आणि सातत्य? गठ्ठ्यातली विसावी भाकरी पहिलीसारखीच तुटली पाहिजे, महिन्याभरानंतरही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हे गरिबाचं, रोजचं अन्न. त्याची कसली चिकित्सा? पण 2024 मध्ये मेक्सिकोसाठी मिशेलिनची पहिली यादी निघाली, तेव्हा मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ला एक तारा मिळाला. हे 1968 पासूनचं टाको विकणारं चिमुकलं दुकान; चारच प्रकार, आणि मक्याची ताजी भाकरी. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर मेंढपाळ महिनोन्महिने टिकणारी ‘कारासाउ’ नावाची पातळ, कडक रोटी रानात नेत; आज ती चांगल्या उपाहारगृहांच्या मेजावर मानाने येते. जिन्नस कमी असले की चूक लपवायला जागा उरत नाही. मसाल्याच्या रश्शात पुष्कळ काही निभावतं, पीठ-पाण्यात निभावत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला मान द्यायला हवा. नावलौकिक आला की भाव चढतो, यंत्र येतं, नफा दुकानदाराकडे जातो आणि दिवसभर चुलीपुढे बसणारी बाई होती तिथेच राहते. हे खरं आहे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा ज्वारीच्या नावाने पुष्कळ जाहिराती झाल्या. पण हे नुकसान बिननावाच्या कौतुकाने होतं. ‘सोलापूरची भाकरी’ एवढंच नाव असलं, तर ते कुणीही कुठल्याही पाकिटावर छापू शकतो. चांगली आणि सुमार यांत कुणी फरक करत नसेल, तर स्वस्त तीच खपणार, आणि जी बाई दळण ताजं ठेवते, आच सांभाळते, तिला त्या कष्टाचा एक पैसाही जास्त मिळणार नाही. यंत्रालाही माझा विरोध नाही. बचत गटांतल्या बायकांचे खांदे, मनगटं आणि धुराने चुरचुरणारे डोळे यांची किंमत हिशेबात धरली, तर पीठ मळणारं यंत्र हे उपकारच आहेत. मात्र यंत्रावर दाबलेली आणि हातावर थापलेली भाकरी शेजारी ठेवून, दोन्ही खाऊन, फरक कुठे आहे आणि कुठे नाही हे प्रामाणिकपणे लिहिणारा कुणी हवा. आज तो नाही, म्हणून एकीकडे ‘हाताची’ म्हणून भावनेला हात घालतात आणि दुसरीकडे ‘शुद्ध, यंत्रावर बनवलेली’ म्हणून स्वच्छतेला.

तिसरी गोष्ट लोक सहज बोलून जातात: ज्याची त्याची आवड. तीळ लावलेली कुणाला आवडते, कुणाला बाजरीची. तिथे वाद नाही. पण दमट भाकरी ही आवड नसते, तो दोष असतो, आणि हे सोलापुरातल्या कुठल्याही घरात विचारून बघावं.

मानांकनाने मंगळवेढ्याच्या दाण्याचं नाव राखलं. तो दाणा ज्या हातात भाकरी होतो त्या हाताचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पाकिटावर वजन असतं, मुदत असते, विकणाऱ्याचा पत्ता असतो. ज्वारी मालदांडी की दुसरी, कुठल्या रानातली, दळण कधीचं, हे नसतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, शहरात बाहेरगावची माणसं असतात, तेव्हा एखाद्या मराठी वर्तमानपत्राने चार घरांतल्या, चार गटांतल्या भाकऱ्या विकत आणाव्यात. उजेडासमोर धरून कड आणि मध्य सारखे पातळ आहेत का ते पाहावं. मोडताना आवाज ऐकावा. ती काडकन तुटली की दोनदा वाकून, हे लिहावं. नुसती चावून पीठ ताजं होतं का ते सांगावं. मग तुकडा आमटीत सोडावा आणि तो मऊ कधी झाला, विरघळला कधी, यांच्यामधला वेळ मोजावा. आणि परीक्षणाच्या मथळ्यात, तिची हरकत नसेल तर, थापणारीचं नाव छापावं.