मातीच्या पाळीमागचं जग

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की आधी विश्वासच बसत नाही. पाळ निव्वळ मातीची! सिमेंट नाही, यंत्र नाही. तरी पावसाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या इथे थांबतं आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेतून, धानाच्या बांध्यांत उतरतं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार नजरेनं जोखून बांधले. मालगुजारी ही सारावसुलीची जमीनदारी पद्धत 1950च्या कायद्यानं संपली आणि हे तलाव मालगुजारांकडून सरकारकडे गेले. आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव किंवा नुसतं ‘मामा तलाव’ म्हणतात.

तलाव उथळ, उन्हाळ्यात निम्मा-अधिक आटणारा. कागदावर हा दोष वाटेल. मला तर हेच त्याचं मोठं वैभव वाटतं. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तळभर पाणवनस्पती माजतात. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात, बदकं चरतात. काठाला देवधान उगवतं. हा रानटी भात कुणी पेरत नाही. दाणा पिकला की आपोआप गळतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहत चिखलात पडून राहतो.

पाणी आटलं तरी सगळं मरत नाही. मागूर मासा ओल्या चिखलात तग धरतो. मरळीचं तर नवलच: ती वर येऊन हवेचा घोट घेते. तिला पाण्याखालीच अडकवून ठेवलं तर हा मासा चक्क बुडून मरेल!

आणि सारस! माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदियाच्या परिसरातच उरलाय, तोही मोजकाच. परसवाड्याच्या तलावासारख्या उथळ पाण्यात तो चोचीनं कंद उकरतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीत गवत-काडीचा ढीग रचून जोडपं बहुधा दोन अंडी घालतं. नर-मादी आळीपाळीनं महिनाभर ती उबवतात. घरटं शेतकऱ्याच्या उभ्या पिकात असतं, म्हणजे ती पिल्लं वाचणं त्याच्याच हाती.

आज काही तलाव गाळानं आणि बेशरम नावाच्या झुडपांनी भरत चाललेत. गोंदिया जिल्ह्यातल्याच अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या बाया चिखलात उतरून ती झुडपं मुळासकट उपटतात आणि तिथे देशी पाणवनस्पती लावतात. पावसाळ्यात तिकडे गेलात तर हे काम जरूर पाहा. सारसाचं घरटं दिसलंच, तर मात्र लांबूनच.