नवी बॅटरी, जुनीच ‘कट-कट’

पावसाळ्यात पिंपळे गुरवच्या एखाद्या सोसायटीत आठ दिवस उभी असलेली गाडी सेल्फ घेत नाही. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट-कट’. ‘बॅटरी बसली’ असा निकाल शेजारी देऊन मोकळे होतात. नवी बॅटरी येते, तरी कट-कट चालूच. मल्टिमीटर मात्र १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली.

खोट अनेकदा जोडणीत असते. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार किंवा अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढून ०.०२ ओहम रोध वाढला, तरी १५० अँपिअरसाठी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. भाराखाली बॅटरी साडेदहावर आली असेल, तर स्टार्टरला उरतात साडेसात. सोलेनॉइड (स्टार्टरचा विद्युतचुंबकी स्विच) जोडणी जुळवतो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं. तीच ती कट-कट.

प्रवाहच नसेल तर हा रोध दिसत नाही. नाशिक फाट्यावरची कोंडी मध्यरात्री जाऊन शोधण्यासारखंच ते!

भाराखाली व्होल्टेज ढळण्याची अडचण खुद्द गेऑर्ग ओहमलाही नडली होती. कुलूप बनवणाऱ्याचा हा मुलगा, कोलोनमधला शाळामास्तर. १८२५ मध्ये त्याने व्होल्टाच्या विद्युतघटावर प्रयोग केले, पण प्रवाह घेताच घटाचं व्होल्टेज ढळायचं आणि सूत्र चुकायचं. पोगेनडॉर्फ या संपादकाने सुचवलं की झेबेकने शोधलेलं तापविद्युत युग्म वापरून पाहा. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, व्होल्टेज स्थिर! ओहमचा नियम हाती आला. पाठ्यपुस्तकात ओहम झळकतो, पोगेनडॉर्फचं नावही नसतं. हा अन्यायच.

आता परत गाडीकडे. मीटर ओहमवर ठेवून केबल तपासण्यात अर्थ नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्या ०.०२ ओहमहून जास्त असतो. त्यापेक्षा गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हात पंख्यापासून लांब, अशा तयारीने दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर धरावं. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर खोट या वाटेवर. मग निगेटिव्ह खुंट ते इंजिनचा धातू, इथे ०.२ व्होल्टही पुष्कळ झाले. एकेक जोड ओलांडत टोक सरकवलं की नेमका सांधा सापडतो.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझायला आले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या क्लॅम्पवर. लख्ख राहिले, तर पुढच्या केबलवर, सोलेनॉइडवर.

क्षार घालवायला कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश पुरतो. नंतर क्लॅम्प आवळून वर व्हॅसलीन. काढताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते.