दोनशे वॅट, पण कोणत्या ऋतूत?

आदिलाबादच्या सायकलस्वाराला रस्त्यांची वाण नाही. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की पांढरकवडा, दक्षिणेला गुडिहतनूर, इच्चोडा, नेरेडिगोंडा करत निर्मळचा घाट, पूर्वेला इंद्रवेल्ली-उटनूरकडचा चढउताराचा जंगली रस्ता. वाण आहे ती प्रशिक्षकाची. वेलोड्रोम, क्रीडाविज्ञानाची प्रयोगशाळा, शर्यतीचा संघ या गोष्टी इथून लांब. म्हणूनच पॉवर मीटर आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास इथल्या बाजूने पाहण्यासारखा आहे. प्रयोगशाळेत जन्मलेलं हे साधन शेवटी ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्याच्याच सर्वात जास्त उपयोगी पडलं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी होतं ते हृदयाचे ठोके मोजणं. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली छातीच्या पट्ट्याचा बिनतारी मापक बाजारात आणला आणि सरावाला पहिल्यांदा आकडा मिळाला. २२० मधून वय वजा करायचं, आलेल्या कमाल ठोक्यांच्या टक्केवारीवर झोन आखायचे, हा हिशेब गावोगावच्या व्यायामशाळांपर्यंत पोहोचला. पण तो सरासरीचा हिशेब. एकाच वयाच्या दोघांचे कमाल ठोके वीसने वेगळे असू शकतात. शिवाय ठोके मागून येतात. चढावर जोर लावल्यावर ते वर जायला अर्धं-एक मिनिट घेतात, आणि झोप कमी झाली, चहा जास्त झाला, ऊन तापलं की तेवढ्याच श्रमाला जास्त पडतात. मे महिन्यात पारा ४४ च्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा.

१९८६ साली उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने क्रँकमध्येच स्ट्रेन गेज बसवले आणि एसआरएम हे पॉवर मीटर तयार केलं. पायाच्या दाबाने धातू नजरेला न दिसण्याइतका वाकतो, तो वाक मोजून पीळबल काढायचं आणि त्याला फिरण्याच्या वेगाने गुणायचं, एवढंच त्याचं तत्त्व. मिनिटाला ९० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९.४२ रेडियन, पीळबल २० न्यूटन-मीटर असेल तर शक्ती झाली सुमारे १८८ वॅट. वारा समोरून असो की पाठीमागून, रस्ता चढाचा असो की सपाट, १८८ वॅट म्हणजे १८८ वॅटच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेग लेमाँडसारख्या विजेत्या सायकलपटूंनी ते वापरलं. किंमत मात्र अशी, की सामान्य स्वाराने त्याचं नावही काढू नये.

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय, हे सांगणारं सॉफ्टवेअर यायला आणखी दशकभर लागलं. त्यात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांचं काम पायाभूत ठरलं. साधारण तासभर टिकवता येईल ती शक्ती म्हणजे एफटीपी, आणि तिच्या टक्केवारीवर सात पातळ्या. २००३ च्या सुमारास सायकलिंगपीक्स या सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब आला आणि २००६ मध्ये हंटर ॲलन यांच्यासोबतच्या पुस्तकातून तो जगभर पसरला. चाचणी सोपी: वीस मिनिटं जीव तोडून चालवा आणि सरासरीचे ९५ टक्के घ्या. समजा २१० वॅट आले, तर एफटीपी झाली साधारण २००. मग ११० च्या खाली विश्रांतीची फेरी, ११२ ते १५० दमसासाची, १५२ ते १८० टेम्पो, १८२ ते २१० उंबरठ्याची, २१२ ते २४० ऑक्सिजनच्या कमाल वापराची, ३०० पर्यंत त्याहून तीव्र, आणि त्यापुढे काही सेकंदांचा स्फोट.

याच सॉफ्टवेअरने नॉर्मलाइज्ड पॉवर दिली. इच्चोड्याच्या पुढे रस्ता सतत वरखाली होतो. उतारावर पाय थांबतात, चढावर २८० वॅट लागतात. साधी सरासरी १४० दाखवते आणि पाय मात्र १७० चा थकवा सांगतात. सॉफ्टवेअर तीस सेकंदांची फिरती सरासरी घेतं, तिचा चौथा घात करतं, त्यांची सरासरी काढून पुन्हा चौथं मूळ घेतं. तीव्र श्रम कितीतरी महाग पडतात, ही शरीराची गोष्ट गणितात अशी उतरली.

माझ्या मते लहान गावच्या स्वारासाठी सर्वात मोठी घटना म्हणजे २००६ मध्ये शॉन ऱ्हीया यांनी सुरू केलेलं गोल्डन चीता. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, खुलं आहे, जुन्या संगणकावरही चालतं. त्यात क्रिटिकल पॉवरचा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या शक्तीच्या मर्यादेचा, हिशेब आहे. त्याची मुळं फ्रान्समधल्या मोनो आणि शेरेर यांच्या १९६५ च्या संशोधनात. एफटीपीच्या चाचणीसाठी महामार्गावर वीस मिनिटं एकसंध जोर लावायला मोकळा पट्टा मिळणं कठीण: कुठे कापसाने भरलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतो, कुठे जनावरं रस्ता ओलांडतात. तीन मिनिटांची आणि बारा मिनिटांची अशा दोन चाचण्या मात्र जमतात. समजा तीन मिनिटांत २६० वॅट आले आणि बारा मिनिटांत २१५. काम झालं अनुक्रमे ४६,८०० आणि १,५४,८०० ज्यूल. फरक १,०८,००० ज्यूल, वेळेतला फरक ५४० सेकंद. भागाकार २०० वॅट. ही क्रिटिकल पॉवर. तिच्या वर जाण्यासाठी अंगात असलेली शिल्लक १०,८०० ज्यूल. कागद-पेन्सिलीनेही होणारा हा हिशेब आपण स्वतः एकदा करून पाहावा. मग पडद्यावरचे झोन परके वाटत नाहीत.

२०१२ मध्ये स्टेजेस कंपनीने फक्त डाव्या क्रँकवर चिकटणारं मीटर आणलं आणि किमती उतरू लागल्या. त्याचबरोबर दोन प्रश्न आले. डावा पाय ४८ टक्के आणि उजवा ५२ टक्के काम करत असेल, तर खऱ्या २०० वॅटला हे मीटर ९६ ची दुप्पट, म्हणजे १९२ दाखवतं. पुढे दोन्ही पायांचं मीटर घेतलं की ताकद वाढल्याचा भास होतो. मीटर बदललं की चाचणी पुन्हा घ्यावीच लागते. दुसरा प्रश्न तापमानाचा. डिसेंबरात आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वात थंड ठिकाणांपैकी एक असतं, पहाटे पारा एक आकडी होतो आणि दहा वाजता ऊन चटका देतं. धातू तापला की स्ट्रेन गेजचं शून्य सरकतं. कापूस बाजारात माल चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते शेतकरी बघतो. झिरो ऑफसेटही तसाच बघायचा, सायकल बाहेर पंधरा मिनिटं उभी करून, आणि ऊन चढल्यावर पुन्हा एकदा.

याच काळात मराठी मुलखातून लांब पल्ल्याच्या सायकलिंगची मोठी लाट आली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने पूर्ण केली. समर्थांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांहून जास्त किलोमीटरही पार केले. नागपूर आमच्या याच महामार्गावर. त्या बातम्यांनी इथल्या पोरांना दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेरीची, ओढ लावली आणि त्यांना दुसऱ्या, दमसासाच्या झोनचं मोल कळलं. पहिल्या पन्नास किलोमीटरला १४० वॅटवर हात आखडता घ्यायचा, सोबतचे पुढे गेले तरी जाऊ द्यायचे. हा संयम शिकवायला मोठा भाऊ सोबत नसेल तर हँडलबारवरचा आकडा शिकवतो.

चाळीस वर्षांत साधन स्वस्त झालं, सॉफ्टवेअर फुकट झालं, आता तर ॲप आपल्या रोजच्या फेऱ्यांवरून एफटीपीचा अंदाज स्वतःच बांधतं. तरी एक काम कोणत्याही सॉफ्टवेअरने आपल्यासाठी केलेलं नाही, आणि ते आदिलाबादच्या स्वाराने स्वतः करायला हवं: झोन ऋतूप्रमाणे बदलणं. जानेवारीत २०० वर ठरवलेली एफटीपी मे महिन्यात खोटी पडते. रक्ताला स्नायूंना पुरवठा करतानाच कातडीवाटे अंगही थंड ठेवायचं असतं, घामाने अंगातलं पाणी घटतं, तासाभराने ठोके चढतात आणि तेवढेच वॅट उंबरठ्याच्या वर जाऊन बसतात. थंडीतल्या झोनवर उन्हाळ्यात हट्टाने चालवणारा स्वार दमसासाची फेरी समजून रोज टेम्पो करतो, आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे पाय उत्तर देईनासे होतात. ॲपचा अंदाजही इथे फसतो. उन्हाळ्यात कोणी जीव तोडून चालवलंच नाही, तर त्याला नवा आकडा कळणार कुठून?

उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि फार थोड्यांनी तो वापरलेला दिसतो. गोल्डन चीतामध्ये एफटीपी किंवा क्रिटिकल पॉवर तारखेसह नोंदवता येते. नवी नोंद केली तरी जुन्या फेऱ्या जुन्याच आकड्याने मोजल्या जातात. वर्षातून तीन नोंदी पुरेत: संक्रांतीच्या आसपास एक, मार्चअखेर ऊन तापू लागलं की दुसरी, पाऊस स्थिरावल्यावर तिसरी. चाचणी प्रत्येक वेळी त्याच पट्ट्यावर, त्याच मीटरने, आणि आपण रोज ज्या वेळी चालवतो त्याच वेळी घ्यायची. आपल्या जिल्ह्यातल्या स्वारांनी अशा नोंदी एकमेकांना दाखवायला सुरुवात केली, तर नव्याने सायकल घेणाऱ्या पोराला परदेशी तक्त्यांवर विसंबावं लागणार नाही. उन्हाळ्यात आकडा किती उतरतो आणि पावसाळ्यात किती सावरतो, हे त्याला शेजारच्या गल्लीतला स्वारच सांगेल.