व्हॅलेन्सियात दिवस दुपारच्या जेवणाभोवती आखा

व्हॅलेन्सियात पाहणे आणि खाणे वेगळे काढता येत नाही. म्हणून दिवसाची आखणी दुपारच्या भातापासून करावी. शहराच्या दक्षिणेला सुमारे 10 किलोमीटरवर आल्बुफेरा सरोवर आहे आणि त्याच्या काठच्या भातशेतीशी पाएया या भाताच्या पदार्थाचे नाते जुने आहे. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासळी नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे आणि केशर असते. सकाळी मेर्कादो सेंत्राल हा 1928 साली सुरू झालेला बाजार पाहावा, म्हणजे ताटातले जिन्नस आधी ताजे भेटतात. समोरच ‘ला लोन्खा’ हा जुना रेशीमबाजार आहे. 1996 पासून तो जागतिक वारसा आहे.

पाएया रात्रीही मिळतो, मग दुपारचाच आग्रह का? कारण इथली रीत तो दुपारी, फुरसतीने खाण्याची आहे आणि भरपेट भातानंतर चालायला उजेडही उरतो. त्यामुळे बाकीची स्थळे हुकतील, ही शंकाही टिकत नाही. 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदी वळवली गेली. तिच्या कोरड्या पात्रातली बाग थेट कला-विज्ञान नगरीपर्यंत नेते. वाटेत चुफाच्या कंदांपासून केलेली गार ओर्चाता जरूर प्यावी. शाकाहारींनाही भाज्यांचा पाएया मिळू शकतो. मात्र तो मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवलेला नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.