एका बाईची दोन नावं

आमच्या सातारा भागात घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. त्यामुळे माळ्यावर काळी लोखंडी ट्रंक आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हे चित्र आमच्याकडं नवं नाही. माझ्या थोरल्या काकांचीही अशीच ट्रंक होती. ती आम्ही नीट उघडली ती काका गेल्यावर, २००३ साली. आणि तिथून काकीची जी फरफट सुरू झाली, ती आज मुद्दाम सांगतेय. कारण ती तुमच्या-माझ्या कुणाच्याही घरात होऊ शकते.

काका १९६३ साली भरती झाले. चीनच्या लढाईनंतर फौजेत मोठी भरती चालू होती. सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी सरहद्दीवर. आधी सिक्कीमच्या बर्फात, मग पूंछच्या डोंगरात. वर्षाकाठी सुट्टीवर यायचे तेव्हा येताना अक्रोड आणायचे. बाकी सगळा संसार अंतर्देशीय पत्रांवर. पत्र आजोबांच्या नावानं यायचं. माझे वडील ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि काकी दाराआड उभी राहून ऐकायची. तिच्यासाठी ओळ एकच असायची, ‘घरातल्या मंडळींनी तब्येतीस जपावे.’ नाव कधीच नाही. त्या काळी नवरा बायकोचं नाव घेत नसे, आणि ते पत्रात लिहिणं तर लांबच.

काका गेले. तेरावं झालं आणि काकी पेन्शनचं पुस्तक घेऊन बँकेत गेली. सोबत मी होते.

‘‘आजी, यात तुमचं नाव नाही,’’ खिडकीतून उत्तर आलं.

काकांच्या कागदावर बायकोचं नावच नव्हतं. मग रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की नोंदीत पत्नीचं नाव वेगळं आहे, अर्ज करणाऱ्या बाई कोण?

घरात एकदम शांतता पसरली. चुलत्यांपैकी कुणीतरी पुटपुटलंसुद्धा, ‘‘दुसरी बायको होती की काय?’’

काकीनं ते नाव ऐकलं मात्र, आणि मटकन खाली बसली. ‘‘अगं, ते माजंच नाव हाय. म्हायेरचं.’’

काकी काकांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माहेरचं नाव एका फुलाचं. लग्नात रिवाजाप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते एका नदीचं. रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, सगळीकडं नदी. पण काका लग्नाच्या सुट्टीवरून परत गेले आणि कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडी लहानपणापासूनचंच नाव आलं असणार. तेच कागदावर चढलं आणि सदतीस वर्षं तसंच राहिलं.

आता एका बाईला आपण एकच आहोत हे सिद्ध करायचं होतं. शाळेचा दाखला नाही, कारण ती शाळेतच गेली नव्हती. लग्नाची नोंदणी नाही. माहेरचं कुणी म्हातारं माणूस उरलेलं नाही. तिला दर हेलपाट्याला एक दिवसाची भांगलणीची मजुरी बुडायची. सहाव्या महिन्यात दुभती म्हैस विकली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

अखेर रस्ता दाखवला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. त्यांनी सगळी कागदं लावून दिली. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, काकांच्या डिस्चार्ज बुकाची नक्कल, मृत्यूचा दाखला, ट्रंकेतला दोघांचा जोडीनं काढलेला फोटो.

ते म्हणाले, ‘‘वहिनी, जुनं नाव कमी करून नवं घालायचं का?’’

काकी झटकन म्हणाली, ‘‘नगं. खोडू नका. जल्मात मला त्यांनी नावानं हाक मारली न्हाई. तितं लिवलंय तेवढंच हाय.’’

सुभेदार क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी अर्जात ‘ऊर्फ’ लिहिलं.

चौदा महिन्यांनी मंजुरी आली. काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकीही मिळाली. म्हैस काही परत आली नाही. पण पुढं काकी कुणाच्या पैशावर जगली नाही, हे महत्त्वाचं.

मैत्रिणींनो, आपल्याला वाटतं पेन्शन म्हणजे मेहेरबानी. तसं नाही, तो हक्क आहे. जवानाला स्वतःला पेन्शन मिळायला साधारण पंधरा वर्षं नोकरी लागते. त्याच्या मागं बायकोला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन, आणि ते तीन प्रकारचं असतं. साधं, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. नियमात बसत असेल तर सुरुवातीची काही वर्षं निम्मा पगार. मृत्यू नोकरीच्या कारणानं झाला असेल तर विशेष, ६० टक्के. आणि लढाईत वीरमरण आलं तर उदारीकृत, शेवटच्या पगाराइतकं. २०१६ पासून कमीत कमी रक्कम महिना ९,००० रुपये ठरली, महागाई भत्ता वेगळा. आपल्याला कोणतं लागू होतं, हे मंजुरीच्या कागदावर वाचून घ्यावं.

आता कारभार संगणकावर आलाय. संरक्षण खात्याची ‘स्पर्श’ पद्धत २०२१ साली सुरू झाली. हेलपाटे कमी झाले असतील, पण संगणकाला नदी आणि फूल एकच आहे हे कळत नाही. आधारवर एक आणि फौजेच्या नोंदीत दुसरं असेल, तर अडतंच.

म्हणून ज्यांचे मालक आज सरहद्दीवर आहेत, त्यांनी पुढच्या सुट्टीत एक संध्याकाळ काढा. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये झाली का, विचारा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी ताडून बघा. जोडीचा फोटो, जोडीचं खातं असू द्या. रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता लिहून ठेवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. हे विचारणं अशुभ नाही. तो तिकडं पहारा देतो, तसा आपण इकडं कागदांवर द्यायचा.

काकी आता नाही. तिच्या पेन्शनच्या कागदाची नक्कल माझ्याकडं आहे. फूल, ऊर्फ नदी, आणि पुढं काकांचं नाव. ती सही करायला शिकली होती उतारवयात, माझ्याच मुलीकडून. सही मात्र ती कायम माहेरच्या नावानं करायची.