कसोटी राखाडी रंगाची

रंगीत छायाचित्र छापताना आभाळ थोडे जास्त निळे आले किंवा साडीचा लाल किंचित फिका पडला, तर मूळ दृश्य समोर नसलेल्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही. कृष्णधवल छायाचित्रात ही सवलत नाही. राखाडीत हिरव्याची किंवा गुलाबीची पुसट झाक आली तरी डोळा ती लगेच पकडतो, कारण लक्ष वेधून घ्यायला तिथे दुसरा रंगच नसतो. एकच रंग आहे म्हणजे काम सोपे, हा घरच्या इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छापू पाहणाऱ्याचा समज म्हणूनच पहिल्या दोन-चार प्रिंटांत गळून पडतो. या छपाईचे मर्म राखाडी शाईत आणि कागदात आहे. यंत्राचा आकार, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, महागडे सॉफ्टवेअर हे सगळे त्याच्या मागून येते. हे मर्म नीट ओळखले, तर घरच्या टेबलावर डार्करूमच्या तोडीचे काम होऊ शकते, असे माझे ठाम मत आहे.

भारतातल्या हौशी छायाचित्रकारांना चांगला परिचित असलेला एप्सनचा एल८०५ घ्या. त्याच्या सहा टाक्यांत काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा अशा शाया असतात. राखाडी नसते. मग राखाडी दाखवायची कशी? एक मार्ग म्हणजे रंगीत शाया समतोल प्रमाणात मिसळणे. हा समतोल नाजूक असतो. खिडकीच्या उजेडात शुद्ध वाटणारी राखाडी ट्यूबलाइटखाली हिरवट आणि पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसू शकते, कारण प्रत्येक शाई वेगवेगळ्या प्रकाशाला वेगळा प्रतिसाद देते. दुसरा मार्ग म्हणजे फक्त काळी शाई वापरायची आणि उजळ भागात तिचे ठिपके विरळ टाकायचे. झाक टळते खरी, पण गालावर आणि आभाळावर मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते. तेव्हा दोष छापणाऱ्याच्या हाताचा नसतो. शायांचा तो संच रंगीत फोटोंसाठीच बांधलेला आहे.

गंमत अशी, की इंकजेट कलादालनात शिरला तोच कृष्णधवल छायाचित्रे घेऊन. इंग्रज गायक ग्रॅहॅम नॅश याला आपली जुनी कृष्णधवल व्यक्तिचित्रे मोठ्या आकारात छापायची होती. १९९० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन झाले. त्यानंतर त्याने विकत घेतलेले आयरिस ३०४७ हे यंत्र छापखान्यांत रंगांची चाचणी घेण्यासाठी बनवलेले होते आणि त्याची किंमत होती १,२६,००० डॉलर. जलरंगाचा जाड कागद आत जावा म्हणून नॅश आणि त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी यंत्राची वॉरंटी धोक्यात घालून त्यात कापाकापी केली. १९९१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच इथे ‘नॅश एडिशन्स’ हा स्टुडिओ काढला. ते पहिले यंत्र २००५ पासून स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पण आयरिसच्या शाया लवकर उडत, कारण चाचणीचा कागद वर्षानुवर्षे टिकावा अशी छापखान्याची अपेक्षाच नव्हती. अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातला जॉन कोन याने राखाडी छटांचा पुढचा प्रश्न सोडवला. त्याच्या ‘पिझोग्राफी’ पद्धतीत प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्या उतरत्या छटा भरल्या जातात. हौशी माणसाच्या आवाक्यात ही कल्पना आली ती २००५ मध्ये, एप्सनच्या आर२४०० या मॉडेलबरोबर. त्यात गडद काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शाया एकत्र होत्या आणि कृष्णधवलसाठी स्वतंत्र सेटिंगही होते.

या तीन शायांचे काम भिंग लावून पाहण्यासारखे आहे. एप्सनच्या हेडमध्ये विजेचा दाब मिळताच वाकणारा सूक्ष्म घटक असतो. तो वाकला की नोझलमधून शाईचा थेंब बाहेर पडतो. (कॅनन आणि एचपी यांच्या हेडमध्ये हेच काम उष्णतेने तयार होणारा बुडबुडा करतो.) आर२४००चा सर्वांत लहान थेंब साडेतीन पिकोलिटरचा; एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. चुन्याच्या भिंतीवर पडलेले कोवळे ऊन छापायचे असेल, तर यंत्र तिथे अतिफिकट शाईचे ठिपके दाट टाकते. ते इतके फिके असतात की भिंगाखालीही कागदापासून जेमतेम वेगळे दिसतात. ऊन सरून सावली सुरू होते तिथे फिकट काळी हळूहळू मिसळू लागते, आणि अस्सल काळी शाई फक्त दाराच्या फटीतल्या अंधारासाठी राखून ठेवलेली असते. एका शाईकडून दुसरीकडे जाण्याचा हा सांधा दिसला नाही, की छपाई जमली. रंगीत शाया या सेटिंगमध्ये अगदी थोड्या लागतात, प्रिंटला थंड किंवा उबदार छटा देण्यापुरत्या. काळ्या शायांमधला रंगकण कार्बनचा असतो. आपल्या जुन्या पोथ्यांची शाईही काजळीची असे. कार्बन उजेडाने विटत नाही, म्हणून ती अक्षरे आजही वाचता येतात.

कागदाची निवड शाईइतकीच निर्णायक आहे, आणि नवशिके नेमकी इथेच काटकसर करतात. सुती लगद्याच्या उत्तम मॅट कागदावरचा गडदातला गडद काळासुद्धा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्के परत पाठवतो. बरायटाचा थर असलेल्या चकचकीत कागदावर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. म्हणजे बरायटावर सावल्या अधिक खोल आणि मॅटवर मवाळ. मॅट हलका ठरतो असे नाही. धुके, म्हातारे चेहरे, जुनी लाकडे त्यावर फार सुंदर उतरतात. मात्र दोन्ही कागदांना वेगळी काळी शाई लागते. जुन्या अनेक यंत्रांत या दोन काळ्या शाया एकच मार्ग वापरत, त्यामुळे कागद बदलला की शाई वाया जाई. २०२० मध्ये आलेल्या एप्सनच्या पी७०० आणि पी९०० मध्ये दोन्हींना स्वतंत्र मार्ग मिळाले. अतिशुभ्र कागदाचा मोहही आवरावा. ही शुभ्रता पुष्कळदा चमक आणणाऱ्या रसायनांची असते; काही वर्षांत त्यांचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो.

खरी कृष्णधवल छपाई डार्करूममधलीच, असा एक आक्षेप हमखास येतो. चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात, तिथल्या छटांना एक खोली असते, ही गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. पण उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद कधीच इतिहासजमा झाला, आणि परदेशी कागद, रसायने, वाहते पाणी, अंधारी खोली हे सगळे शहरातल्या फ्लॅटमध्ये जुळवणारे आता मोजकेच. बरायटावरच्या इंकजेट प्रिंटचा काळा रंग चांदीच्या प्रिंटपेक्षा उणा पडत नाही. शिवाय चेहऱ्यावरचा उजेड एकदा मनासारखा साधला, की तो फाइलमध्ये कायम राहतो आणि दहावा प्रिंट पहिल्यासारखाच निघतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय कुणाला या वाटेला लावणे योग्य नाही. ‘प्रिंट काळपट येतो’ ही पहिली तक्रार. बहुतेक वेळा दोष स्क्रीनचा असतो. ती खिडकीसारखी लखलखत असते आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. स्क्रीनची चमक ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकी उतरवली, की निम्मे दुखणे जाते. उरलेल्यासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापावी. शेवटच्या कोणत्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात ते पाहावे आणि त्या कागदासाठी सावल्या तेवढ्या उजळ कराव्यात. प्रिंट एक दिवस वाळू द्यावा आणि तो जिथे टांगायचा त्याच उजेडात जोखावा.

दुसरी अडचण चिकट आहे: नोझल बंद पडणे. रंगकणांची शाई तळाशी बसते, वापर नसला की हेडवर वाळते. फिकट राखाडीचे एखादेच नोझल बंद असेल तर मजकुरात काही कळत नाही, पण आभाळात बारीक पट्टे उमटतात. सफाईचे चक्र चालवावे तर महागडी शाई टाकाऊ टाकीत जाते आणि ती टाकीही भरल्यावर बदलावी लागते. यंत्र त्याच्याच बटणाने बंद करावे, कारण तेव्हाच हेड आपल्या झाकणावर जाऊन बसते. भिंतीवरचा खटका दाबला किंवा छपाई चालू असताना लोडशेडिंग झाले, तर हेड उघडे राहू शकते. ज्या गावात वीज बेभरवशाची आहे तिथे यूपीएस हा यंत्राचाच भाग मानावा. हवामानाचाही जाच आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात शाई लवकर सुकते, तर कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओल धरून कडेला वळतो, हेडला घासतो आणि काळा ओरखडा पडतो. कागद घट्ट बंद पिशवीत आडवा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी नोझल तपासणीचे पान काढावे.

एवढी देखभाल करून लॅबपेक्षा स्वस्त पडते का? थोड्या प्रिंटांसाठी नाही पडत. महिन्याला दोन-चारच प्रिंट लागत असतील तर चांगल्या लॅबमध्ये जाणे शहाणपणाचे. पण एकच छायाचित्र तीन कागदांवर, चार छटांत, रात्री अकरा वाजता पुन्हा पुन्हा करून पाहण्याची ओढ असेल, तर ती सोय लॅब देत नाही. अशा वाचकाने आधी दोन प्रकारचे कागद ठरवावेत, ते वापरणाऱ्या लॅबकडून २१ पायऱ्यांची पट्टी आणि आपले एक आवडते छायाचित्र दोन्हींवर छापून घ्यावे, आणि महिनाभर घरच्या भिंतीवर लावून पाहावे. यंत्राची खरेदी त्यानंतर करावी, आणि किमान एक तरी राखाडी शाई असलेलेच यंत्र घ्यावे.