थरांचा क्रम आणि अर्थ : संकेतस्थळाच्या प्रतिरूपातील एक प्रश्न

संकेतस्थळ प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याच्या पृष्ठाचे जे दृश्य प्रतिरूप तयार करण्यात येते, त्याला व्यवसायात मॉकअप म्हणतात. फोटोशॉप, फिग्मा यांसारख्या साधनांत ते निरनिराळ्या थरांवर रचिले जाते. हा थर, म्हणजे लेअर, पारदर्शक कागदासारखा समजावा असे अध्यापनात सामान्यतः सांगण्यात येते. उपमा सोयीची आहे. परंतु ती थोडी पुढे नेली की अपुरी पडते.

हडपसरचे उदाहरण घेता येईल. आषाढी वारीत ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्याहून हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात आणि तेथे विलग होतात. पहिली दिवे घाट चढून सासवडला जाते. दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. त्या दिवशीच्या वाहतुकीची माहिती देणाऱ्या पृष्ठाचे प्रतिरूप करावयाचे आहे, असे मानू. तळाशी नकाशा, त्यावर रस्ते, त्यावर प्रत्येक पालखीचा मार्ग स्वतंत्र थरावर, आणि सर्वांत वर गावांची नावे व तारखा. प्रस्थान तिथीने ठरत असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. नकाशास धक्का न लावता तेवढीच पालटता येते. थरांचा हा लाभ उघड आहे.

अडचण येते ती सामाईक टप्प्यावर. दोन्ही मार्गरेषा तेथे एकमेकींवर येतात आणि वरची खालचीला पूर्णपणे झाकते. फायलीत दोन्ही रेषा शाबूत असतात. वाचकाला मात्र हडपसरपर्यंत एकच पालखी येते असे दिसते. केवळ क्रमामुळे नकाशा खोटे बोलू लागतो! वरच्या थरास ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणपद्धती लावली, तर दोन रंगांतून तिसरा, अधिक गडद रंग उमटतो. शिळाछापाच्या कारागिरांना ही गोष्ट परिचित होती. राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत निघालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या छापखान्यात रंगारंगाची शिळा वेगळी असे, आणि शाईवर शाई चढवून छटा साधीत. तेथे एकदा उमटलेला रंग मागे घेता येत नसे. १९९४ साली फोटोशॉपमध्ये थर आले तेव्हा ही मुभा मिळाली. परंतु चित्रात शोभणारा तिसरा रंग नकाशात तिसऱ्याच मार्गाचा भास निर्माण करील. म्हणून येथे दोन रेषा किंचित अंतराने समांतर काढणे हेच श्रेयस्कर. शिवाय प्रत्यक्ष पृष्ठावर बोटाचा स्पर्श सामान्यतः वरच्याच रेषेस लागतो, हेही विसरता कामा नये.

मराठी मजकुराचा प्रश्न निराळा. ‘तुकारामांची’ या एका शब्दात उकार शिरोरेषेपासून दूर खाली, तर वेलांटी व अनुस्वार तिच्या वर. इंग्रजी अक्षरे गृहीत धरून ओळींतील अंतर ठेविले की ही चिन्हे वरच्या-खालच्या ओळींना भिडतात. अक्षरथर जिवंत ठेविला असेल तर हे दुरुस्त करता येते. त्याचे चित्रात रूपांतर केले, अर्थात रास्टराइज केले, की सारे पुन्हा टंकलिखित करावे लागते. प्रतिरूपात अक्षरांची चौकट ठेविली तेथेच राहते, ब्राउझरमध्ये मात्र वाढलेला मजकूर पुढील भाग खाली ढकलतो. म्हणून प्रतिरूपात लांबच लांब मराठी नावे आरंभीच घालून पाहावीत. विकासकाकडे फाईल देताना ‘लेअर ४७ कॉपी’ असे नाव राहिले, तर कोणती रेषा कोणत्या पालखीची हे त्याला विचारावेच लागते.